रस्ता तोच, खांदे निराळे

मुंबई-पुण्याकडच्या मध्यमवर्गीय घरात फोटोंचा एक तरी जुना अल्बम असतो आणि त्या अल्बमात माथेरानचा एक तरी फोटो असतोच असतो. कुणी घोड्यावर बसलेले असते, कुणी पॉइंटाच्या कठड्याला टेकून दरीकडे पाठ करून उभे असते, तर कुणी नवपरिणीत जोडपे छोट्या गाडीच्या दारात अवघडून हसत असते. असा फोटो हाती आला की आपण माणसे ओळखू लागतो. ही मावशी, हा बंडू, हे शेजारचे काका, ते बरोबर आले होते वाटते! त्यांच्या पाठीमागच्या रस्त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो बिचारा फुकटात फोटोत आलेला असतो.

मी मात्र अलीकडे त्या फुकट आलेल्या रस्त्याकडेच पाहत बसतो. माझ्यापाशी माथेरानच्या बाजाररस्त्याचे पाच फोटो जमले आहेत. एक विकत घेतलेला, बाकीचे घरचे. पहिल्यात आणि शेवटच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर असावे. पाचही शेजारी शेजारी मांडले की पाहणारा पहिल्या झटक्यात म्हणतो, “अरे, इथे काहीच बदलले नाही की!” झाडी तीच, उतरती छपरे तीच, रस्त्याची लाल माती तीच. पण जरा थांबून पाहिले की ध्यानात येते, बदल झाला आहे. फक्त तो आपण शोधतो तिथे नाही.

आधी या रस्त्याची थोडी ओळख करून देतो. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून थोडे उंच. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले, त्यांना इथली हवा मानवली आणि मुंबईकर साहेबलोकांची उन्हाळ्याची सोय झाली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेकडे लक्ष पुरवले. बंगले उठले, पॉइंटांना इंग्रजी नावे मिळाली. डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी यांचा वावर त्याआधीपासून होताच, पण शोध लावल्याचा मान नेहमी उशिरा येणाऱ्याला मिळतो, तसे इथेही झाले.

दस्तुरी नाक्यावरून निघालेला मुख्य रस्ता झाडीतून अडीचेक किलोमीटर येतो, आगगाडीच्या स्टेशनाला चाटून बाजारात शिरतो आणि पुढे बंगल्यांकडे, पॉइंटांकडे फुटत जातो. आज त्याला महात्मा गांधींचे नाव आहे. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती साडेचार हजारांच्या आतच भरली. एवढ्याशा गावाचे सारे जगणे या एका रस्त्यावर चालते. पोस्ट, वाचनालय, चिक्कीची दुकाने, खानावळी, चपला, वेताच्या काठ्या, सगळे त्याच्याच दोन्ही अंगांना. आणि या रस्त्याचे मोठे नवल आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेले : इथे मोटार येत नाही.

आता फोटोंकडे वळू.

पहिला फोटो मी चोरबाजारात एका रद्दीवाल्याकडून घेतला. पोस्टकार्डाएवढा, पिवळा पडलेला. त्यावर सालाचा पत्ता नाही, पण सारे ध्यान पाहता आगगाडीच्या आधीचा असावा असा माझा कयास आहे. बाजारातला मातीचा रस्ता, दोन्हीकडे बुटकी कौलारू घरे, पुढे ओटे. मधोमध एक मडमसाहेब लाकडी खुर्चीत बसल्या आहेत. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे बांधलेले आणि ते दांडे चार माणसांच्या खांद्यांवर. मडमेच्या हातात छत्री, चेहऱ्यावर कंटाळा. चौघे अनवाणी. कॅमेरेवाल्याने “हलू नका” म्हटले असणार, कारण चौघांनीही श्वास रोखून धरल्यासारखा दिसतो. खांद्यावर ओझे असताना न हलता उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने गणपतीची मूर्ती खांद्यावरून नेली आहे त्याला सांगायला नको.

त्या काळी वर यायचे तर पाय, तट्टू, पालखी किंवा अशी खुर्ची. सामान हमालांच्या डोक्यावर. नेरळपर्यंत आगगाडी येत असे, तिथून पुढचा डोंगर माणसांनी आणि जनावरांनी चढायचा. १९०७ साली यात मोठी क्रांती झाली. मुंबईचे कारखानदार सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये खर्चून नेरळ ते माथेरान अशी दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी आणली. काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी पाहिले, ते १९०४ पासून तीन वर्षे चालले. वीसएक किलोमीटरची ही वाट इतकी वळते की डब्यातल्या माणसाला आपलेच इंजिन खिडकीतून समोर दिसते. गाडी आली आणि नेरळहून चढणाऱ्या पालख्या मागे पडल्या. सामान्य मुंबईकराला माथेरान परवडू लागले. पण गाडी स्टेशनात थांबे. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत, हॉटेलापर्यंत, पॉइंटापर्यंत पुन्हा माणसाचाच खांदा.

दुसरा फोटो १९३८ चा. माझे आजोबा मुंबईच्या एका पेढीत हिशेबनीस होते. मालकांच्या कृपेने त्यांना त्या मे महिन्यात आठ दिवसांची रजा मिळाली आणि सारे बिऱ्हाड, म्हणजे नऊ माणसे, दोन ट्रंका, तीन वळकट्या आणि लोणच्याची बरणी, माथेरानला पोहोचले. बाजारातल्या फोटोवाल्याने तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, डोक्यावर काळे फडके घेऊन हा फोटो काढला. आजोबा मध्यभागी खुर्चीवर. डोक्यावर सोला हॅट. ही हॅट फोटोवाल्याची होती, हे आजी शेवटपर्यंत सर्वांना सांगत असे. आजोबांना ते कधीच आवडले नाही.

रस्ता आता थोडा रुंद झालेला दिसतो. घरांना मंगळुरी कौले चढली आहेत, दुकानांवर पाट्या आल्या आहेत. डावीकडे दोन चाकांची रिक्षा उभी आहे. खुर्चीचे दांडे गेले, चाके आली. ओझे खांद्यावरून हातांवर आले. एवढी सुधारणा म्हणायची. मागे हमाल सामान उचलताहेत. त्या काळी, झाडांच्या सावलीत, कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवावे लागे. जो स्थिर बसला तो काचेवर स्वच्छ उमटला, जो हलला तो पुसट झाला. त्यामुळे आमच्या आजोबांच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो, आणि मागे जे काम करीत होते ते सगळे धुरासारखे दिसतात.

या पुसट माणसांच्या गावातूनच एक अगदी ठळक माणूस निघाला, हे इथे सांगितले पाहिजे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १९१२ साली माथेरानमध्येच एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. वकिलीचे शिक्षण घेतले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा चालवल्या. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. आजोबा बाजारात हॅट घालून बसले होते तेव्हा कोतवाल पंचवीस वर्षांचे होते. याच रस्त्याने ते जात येत असणार. आमच्या फोटोत मात्र ते नाहीत.

तिसरा फोटो माझ्या आईचा, १९६१ चा. आई-वडिलांचे लग्न त्या वर्षीच्या मार्गशीर्षात झाले आणि दोघे चार दिवस माथेरानला गेली. वडिलांनी मित्राचा बॉक्स कॅमेरा मागून आणला होता. आई रिक्षात बसली आहे. नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात नवी पर्स, आणि ती पर्स कुठे ठेवावी हे न समजल्यामुळे दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पुढे जमिनीवर वडिलांची लांब सावली पडली आहे. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा हा नियम त्यांनी पाळला होता.

रिक्षाला पुढे एक माणूस, मागे दोघे. वडिलांनी आई बरोबर मध्यावर येईल असा नेम धरला होता. त्यामुळे मागचे दोघे आईच्या आड गेले आणि पुढचा खांद्यापाशी कापला गेला. त्याचे दोन हात दिसतात, दांड्यावरची पकड दिसते, सदऱ्याची फाटकी बाही दिसते. चेहरा नाही. लहानपणी मी हा फोटो शेकडो वेळा पाहिला असेन, पण मला आई दिसे, गजरा दिसे आणि फार तर सावली दिसे.

रस्त्याच्या बाबतीत हा फोटो फार बोलका आहे. विजेचे खांब आले आहेत. एका दुकानावर रेडिओची जाहिरात आहे. गिऱ्हाईक बदलले आहे. साहेबलोक गेले, त्यांच्या जागी आपण आलो. पारशी, गुजराती, मराठी, सगळे. ज्या खुर्चीत मडम बसली होती, तिच्या जागी माझी आई आहे. देश स्वतंत्र होऊन चौदा वर्षे झालेली. बसणारा बदलला, ओढणारा तोच राहिला.

चौथा फोटो रंगीत, १९८४ चा. रस्त्यावरच्याच एका फोटोवाल्याने काढलेला. दहा वर्षांचा मी घोड्यावर, डोक्यावर भाड्याची काउबॉय टोपी. टोपीच्या बाबतीत आमचे घराणे परंपरा राखून आहे! त्या काळच्या रंगीत फोटोंचे रंग उडून ते तांबूस होत जातात आणि माथेरानची माती मुळातच तांबडी, त्यामुळे हा फोटो वीटभट्टीत भाजून काढल्यासारखा झाला आहे. दुकानांची दाटी झालेली. चिक्की, मध, कोल्हापुरी चपला, प्लास्टिकची खेळणी. जुन्या ओट्यांच्या जागी शटरे. घोड्याचा लगाम धरणारा मुलगा माझ्याच वयाचा. तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही. पुढचे गिऱ्हाईक येते का ते पाहतो आहे. मागे रिक्षांची रांग.

आणि इथे मी तुम्हाला या रस्त्याचे गुपित सांगतो. मोटार नाही म्हणून आपण त्याच्या प्रेमात पडतो. शांतता, स्वच्छ हवा, झाडी. हे सारे खरे आहे आणि मोलाचे आहे. २००३ साली सरकारने माथेरान आणि भोवतालचा दोनशे चौदा चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला तो उगाच नव्हे. आपली महाबळेश्वर-लोणावळ्याची बाजारपेठ मोटारींनी कशी गिळली ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण मोटार नाही म्हणजे ओझे नाही असे थोडेच आहे? गॅसचे सिलिंडर, सिमेंटची पोती, भाजीच्या करंड्या, हॉटेलांच्या गाद्या, पाहुण्यांच्या बॅगा, थकलेले पाहुणे, सगळे कुणीतरी वाहतेच आहे. आजारी माणसासाठी नगरपालिकेची रुग्णवाहिका, तेवढा काय तो अपवाद. ज्या शांततेला आपण निसर्गाची देणगी म्हणतो, तिच्यात घोड्यांच्या पाठी आणि माणसांचे खांदे यांचा मोठा वाटा आहे. जुन्या फोटोतला रस्ता जसाच्या तसा राहिला तो आपोआप राहिला नाही. पायथ्याच्या वाड्यांतून पहाटे चढून येणाऱ्या माणसांनी तो तसा ठेवला.

पाचवा फोटो डिसेंबर २०२२ चा. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. तिच्या मनाने घेतले, एकदा माथेरान पाहायचे. छोटी गाडी २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यामुळे तीन वर्षे बंद होती, ती नुकतीच ऑक्टोबरात पुन्हा नेरळहून वर येऊ लागली होती. पण दोन-अडीच तासांचे हेलकावे आईला सोसले नसते. आम्ही मोटारीने दस्तुरीपर्यंत, तिथून अमन लॉजच्या शटल गाडीने स्टेशनात आलो. पुढे चालणे आईच्या गुडघ्यांना शक्य नव्हते.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या होत्या. पण मोजक्याच होत्या आणि त्यांना ही मोठी रांग. शाळेची मुले दप्तरे घेऊन आधीपासून उभी होती. बाजूला हातरिक्षा रिकाम्या. पन्नाशीचे एक गृहस्थ पुढे आले.

“आजी, बसा. कुठं जायचं?”

आई म्हणाली, “नको रे बाबा. माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचे आता माझ्याने होणार नाही.”

गृहस्थ हसले. “तुम्ही नाय बसलात तर आमची आजची चूल कशी पेटायची, आजी? ती नवी गाडी आमच्या हातात येईल तवा येईल. त्यासाठीच तर आम्ही कोर्टात गेलोय. तवर बसा.”

याला काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. आईलाही सुचले नाही. बसावे तर माणसाच्या छातीवर बसल्यासारखे वाटते, न बसावे तर त्याच्या पोटावर पाय. शेवटी ती बसली. पुढे ते, मागे त्यांचे दोन सोबती. चढ आला की तिघांचा श्वास एका तालात ऐकू येई. आईने सबंध वाटेत रिक्षाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, जणू तेवढ्याने तिचे वजन कमी होणार होते.

उतरल्यावर तिने पर्समधून १९६१ चा फोटो काढून त्यांना दाखवला. आपण आपला फोटो कुणाला दाखवला की तो आधी आपल्याकडे पाहतो. त्यांनी आईकडे पाहिलेच नाही. फोटोच्या कडेवर बोट ठेवून विचारले, “हा कोण पुढचा?”

“मला ठाऊक नाही हो,” आई म्हणाली.

“आमच्या बापाची पण अशीच बाही फाटलेली असायची उजव्या अंगाला. दांडा घासतो ना.” मग थोडे थांबून म्हणाले, “तो नसंल हा. पण असंल पण.”

आईने फोटो पर्समध्ये ठेवला. मग मला म्हणाली, “एक फोटो काढ. मी मध्ये नको, कडेला उभी राहते. आणि तू मागे सर. तिघांचेही चेहरे आले पाहिजेत.”

मी मागे सरलो. तो हा पाचवा फोटो. रस्त्यावर बसवलेले पेव्हर ब्लॉक, मागे एक हिरवी-पांढरी इलेक्ट्रिक रिक्षा, तिच्यात गच्च बसलेली शाळेची मुले, एका बाजूला घोडा धरून त्या रिक्षेकडे जराशा धास्तीने पाहणारा घोडेवाला आणि पुढे चार माणसे. तिघे हातरिक्षावाले आणि माझी आई. चौघांचे चेहरे स्पष्ट आहेत.

त्यानंतर जे झाले ते वृत्तपत्रांतून आपण वाचले असेल. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा बंद करण्याचा निकाल दिला. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे होऊनही माणसाने माणसाला ओढत न्यावे हे माणुसकीला धरून नाही, असा त्याचा आशय. सहा महिन्यांत ही प्रथा थांबवावी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना इलेक्ट्रिक रिक्षा मिळण्याची योजना सरकारने करावी, पैशाची सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. नाक्यापासून बाजारातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटा मात्र मातीच्याच राहाव्यात, हेही त्याच निकालात आहे. डोंगर आणि माणूस दोघांचीही कदर एकाच कागदावर झाली.

निकालाची बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने एकच प्रश्न केला, “गाडी त्यालाच मिळणार ना?” प्रश्न बरोबर होता. हातरिक्षा जाऊन तिच्या जागी भलत्याचीच इलेक्ट्रिक रिक्षा आली, तर ओढणाऱ्याचे हात मोकळे होतील आणि पोटही मोकळेच राहील. घोडेवाल्यांची धास्तीही खोटी नाही. तीन पिढ्या या रस्त्यावर ज्यांनी जनावरे पोसली त्यांना नव्या चाकांची भीती वाटणारच. माथेरानची झाडी टिकली पाहिजे, मोटारी दस्तुरीवरच थांबल्या पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती झाडी टिकवण्याची किंमत गावातल्या सर्वांत गरीब माणसाने आपल्या फुप्फुसांतून द्यावी, ही वाटणी योग्य नव्हती. ती शंभर वर्षे चालली, कारण ती आपल्या फोटोत नीट दिसत नव्हती.

दिवाळीच्या आवराआवरीत जुने अल्बम हाती येतातच. तुमच्याकडचा माथेरानचा फोटो जरूर काढून पाहा, आणि पाचगणीचा, महाबळेश्वरचा, पंढरपूरचा असेल तर तोही. आधी आपली माणसे पाहून घ्या, तो आनंद सोडू नका. मग फोटोच्या कडेला नजर न्या. तिथे एखादा हात असेल, अर्धा खांदा असेल, पुसट झालेले डोके असेल. घरात कुणी जाणते माणूस असेल तर त्याला विचारा, हा कोण? नाव बहुधा मिळणार नाही. पण मुलांना निदान एवढे सांगता येईल, की त्या दिवशी आपण वर पोहोचलो ते याच्यामुळे.